मणक्याच्या ऑपरेशननंतरचा व्रण : सर्जनच्या हातात काय असते?

गादी सरकल्यामुळे कमरेचे ऑपरेशन झालेल्या माणसाचा पाय वर्षभराने पुन्हा दुखू लागला, की नवा एमआरआय होतो. त्याच्या रिपोर्टमध्ये अनेकदा एक ओळ असते : 'एपिड्युरल फायब्रोसिस'. रुग्ण हा शब्द मोबाइलवर शोधतात, त्याचा अर्थ 'आतला व्रण' असा निघतो आणि मग मला विचारतात, "डॉक्टर, म्हणजे ऑपरेशन बिघडलं का?"

नाही. जिथे सुरी फिरली तिथे व्रण राहणारच. विळीवर बोट कापले तरी पांढरी रेघ राहते. जखमेत रक्त साकळते, त्या गुठळीत तंतू विणणाऱ्या पेशी शिरतात आणि काही आठवड्यांत तिथे चिवट धाग्यांचे जाळे तयार होते. जखम भरण्याची शरीराची हीच रीत आहे. प्रश्न एवढाच की कमरेच्या मणक्यात हे जाळे ज्या ठिकाणी विणले जाते, तिथे शेजारी एक नाजूक नस असते.

थोडी रचना समजून घेऊ. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तिचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला गर मऊ. कडे फाटले की गर मागे सरकतो आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर येतो. त्यालाच आपण सायटिका म्हणतो. बहुतेक वेळा हे कमरेच्या सर्वांत खालच्या दोन गाद्यांत होते. नसांच्या पिशवीभोवती चरबीचा पातळ थर असतो. त्याच्या मागे लिगामेंटम फ्लेवम नावाचा पिवळसर चिवट पडदा, त्याच्या मागे हाडाची पातळ पट्टी, म्हणजे लॅमिना, आणि मग पाठीचे स्नायू.

आता पायजम्याच्या नेफ्यातली नाडी आठवा. ती नेफ्यात मोकळी सरकते तोवर काही त्रास नाही. धुऊन वाळताना एखाद्या जागी शिवण तिला चिकटली, तर एका टोकाला ओढ दिली की तिथेच ताण येतो. पायाची नसही अशीच आहे. पाय सरळ उचलला किंवा आपण खाली वाकलो की ती मणक्यातून बाहेर पडण्याच्या जागी काही मिलिमीटर सरकते. तिच्याभोवतीचा चरबीचा थर तेवढ्यासाठीच असतो. त्या चरबीची जागा व्रणाने घेतली आणि नस त्यात अडकली, तर सरकण्याऐवजी ती ताणली जाते.

हे सगळे मी पुस्तकात वाचले होते. चार वर्षांपूर्वी ते माझ्याच कमरेत वाचायची वेळ आली. डाव्या पोटरीत कळ सुरू झाली. मी माझ्या रुग्णांना जे सांगतो तेच स्वतःला सांगितले : गोळ्या घे, झेपेल तेवढे चाल, सहा आठवडे थांब. हा सल्ला पुराव्यावर उभा आहे. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या 283 रुग्णांचे दोन गट करून एक अभ्यास झाला, तो 2007 साली प्रसिद्ध झाला. एका गटाचे ऑपरेशन लवकर केले, दुसऱ्याला थांबवले आणि गरज पडली तरच ऑपरेशन केले. थांबलेल्यांपैकी 39 टक्के लोकांना शेवटी ऑपरेशन लागले. ऑपरेशनवाल्यांचे दुखणे लवकर थांबले, पण वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे 95 टक्के लोक बरे होते. सरकलेला गर पुष्कळदा आपोआप आक्रसतो. म्हणून मी थांबलो.

सातव्या आठवड्यात डाव्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना. घोट्याचा झटका, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर पाऊल हलते ती प्रतिक्रिया, गेली होती. आता नुसती कळ नव्हती, नस कमकुवत होत होती. सर्जन माझ्याच कॉलेजचा, मला पाच-सहा वर्षांनी ज्युनियर. तो म्हणाला, "सर, आता थांबण्यात अर्थ नाही." मी होकार दिला, पण माझ्या डोळ्यांसमोर होते ते माझ्याकडे वर्षानुवर्षे गोळ्या न्यायला येणारे, ऑपरेशन होऊनही पाय ओढत चालणारे रुग्ण. बरे झालेले रुग्ण फिजिशियनकडे पाठ दाखवायला येत नाहीत. त्यामुळे आम्हाला दिसणारे चित्र नेहमी जरा काळे असते, हे मला माहीत होते. तरी भीती वाटायची ती वाटलीच.

मी त्याला विचारले, "व्रण होऊ नये म्हणून तू आत काय लावतोस?"

तो हसला. "सर, सगळे हेच विचारतात. शेवटी काय लावायचं यापेक्षा सुरुवातीपासून काय काय सोडून द्यायचं, ते महत्त्वाचं."

त्याच्या या वाक्यामागे बराच इतिहास आहे. गर सरकल्यामुळे सायटिका होते आणि ऑपरेशनने ती बरी होऊ शकते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी 1934 साली मांडले. त्या काळी त्यासाठी मोठा चीर घ्यावा लागे, दोन्ही बाजूंचे स्नायू हाडावरून सोलावे लागत आणि लॅमिना बरीचशी काढावी लागे. 1974 साली लारोका आणि मॅकनॅब यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. नसांच्या पिशवीला चिकटणारा हा व्रण मुख्यतः मागच्या सोललेल्या स्नायूंमधून येतो. हाडाचे झाकण गेले की जखमी स्नायू थेट पिशवीवर येऊन बसतात आणि त्यांच्यातल्या पेशी तिथे पडदा विणतात. या पडद्याला त्यांनी 'लॅमिनेक्टॉमी मेम्ब्रेन' म्हटले. म्हणजे झाकण जितके मोठे उघडावे, तितका व्रणाला रस्ता मोठा.

पुढे 1977-78च्या सुमारास कॅस्पर, यासारगिल आणि अमेरिकेतल्या विल्यम्स यांनी या ऑपरेशनात सूक्ष्मदर्शक आणला. चीर दोन-तीन सेंटिमीटरवर आला. विल्यम्स यांचा भर नसेभोवतीची चरबी जपण्यावर आणि हाडाला शक्यतो हात न लावण्यावर होता. 1997 साली फोली आणि स्मिथ यांनी स्नायू सोलण्याऐवजी त्यांच्या धाग्यांमधून नळी घालून ऑपरेशन करण्याची पद्धत सांगितली. हल्ली 'दुर्बिणीतून' म्हणून जाहिरात होते ती याच घराण्यातली.

मात्र इथे एक गोष्ट सांगायला हवी. कातडीवरचा चीर लहान म्हणजे पायाचे दुखणे कमी, असे सरळ गणित नाही. नेदरलँड्समध्येच 328 रुग्णांवर नळीची पद्धत आणि नेहमीची सूक्ष्मदर्शकाची पद्धत यांची तुलना झाली, 2009 साली. नळीवाल्यांचे निकाल जास्त चांगले आले नाहीत, उलट दुखण्याच्या बाबतीत किंचित मागेच होते. त्यामुळे 'लेझर', 'दुर्बीण', 'टाका नाही' अशा शब्दांना भुलून सर्जन निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे, ती त्याची चांगली पद्धत.

बरा झाल्यावर काही महिन्यांनी मी एकदा त्याच्या थिएटरमध्ये उभा राहिलो. त्या रुग्णाने परवानगी दिली होती, आणि मला माझ्या पाठीत काय झाले असेल ते बघायचेच होते. पडद्यावर सगळे दहापट मोठे दिसत होते.

स्नायू त्याने एकाच बाजूचे बाजूला केले, तेही गरजेपुरते. ते ओढून धरणारा चिमटा मधूनमधून सैल केला. सतत ताणलेल्या स्नायूला रक्त मिळत नाही, तो आतून मरतो आणि मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण येतो. लॅमिनाची कड नखाएवढी घासली. मग तो पिवळा पडदा आला. पूर्वी तो कापून फेकून देत. याने तो एका कडेने सोडवला, दारासारखा उघडला आणि काम झाल्यावर परत जागेवर लोटला. स्नायू आणि नस यांच्या मध्ये देवाने घातलेली भिंत आहे ती, ती का पाडायची? प्रत्येक रुग्णात हे जमत नाही. पडदा जाड झालेला असला, नळी अरुंद असली तर तो काढावाच लागतो.

पडद्याच्या आत चरबी. लोण्यासारखी पिवळी, अगदी थोडीशी. ओढणाऱ्या सक्शनच्या नळीत ती क्षणात जाऊ शकते, म्हणून त्याने सक्शनच्या टोकापुढे कापसाची ओली पट्टी धरली. चरबी बाजूला सरकवली, ओढली नाही. नसेला हलकेच मधल्या बाजूला घेतले. बारीक शिरांमधून रक्त येऊ लागले, तेव्हा त्याने सगळीकडे डाग दिला नाही. बायपोलर चिमटा कमी करंटवर ठेवून, पाण्याचा थेंब सोडत, फक्त वाहणारी शीर धरली. जिथे नुसते दाबून भागले तिथे दाबून धरून वाट पाहिली. भाजलेल्या जागीही व्रणच होतो ना! आणि रक्त वाहते सोडले तरी गुठळी होऊन व्रण होतो. या दोन्हींच्या मधून वाट काढायची असते. मला वाटते, या ऑपरेशनातले अर्धे कौशल्य याच एका गोष्टीत आहे.

मग गराचा तुकडा निघाला. शिजलेल्या खेकड्याच्या मांसासारखा पांढरा. गादीच्या आत शिरून ती खरवडून रिकामी करायची नाही, सुटलेला तुकडा तेवढा घ्यायचा, अशी त्याची पद्धत. यात तोटाही आहे. गर शिल्लक राहिल्याने तो पुन्हा सरकण्याची शक्यता थोडी वाढते. पण खरवडलेल्या गादीची कंबरदुखी मागे लागू शकते. दोन्ही बाजूंनी अनुभवी सर्जन वाद घालतात. शेवटी भरपूर सलाईनने जागा धुतली, हाडाचा चुरा आणि रक्त काढले, कापसाच्या पट्ट्या मोजून परत घेतल्या. कापसाचा एखादा तंतू किंवा हातमोज्याची पावडर आत राहिली तरी शरीर तिच्याभोवती गाठ बांधते. पावडरवाल्या हातमोज्यांवर तर अमेरिकेत बंदीच आली आहे, अशाच कारणांसाठी.

आत लावले काय? काही नाही. जपलेली चरबी परत जागेवर आली, पिवळा पडदा तिच्यावर, आणि टाके.

'आत काहीतरी लावू' याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. सर्वांत जुना उपाय म्हणजे त्याच जखमेतून कातडीखालची थोडी चरबी घेऊन नसेवर ठेवणे. फुकट, आपलीच. चरबी मूळची जपता आली नाही तर आजही कोणी कोणी हे करतात. पण तुकडा मोठा झाला तर तोच नसांवर दाब देतो, आणि त्यामुळे लघवी-संडासचा ताबा जाण्यापर्यंत वेळ आल्याच्या नोंदी आहेत. रक्त थांबवायला वापरतात तो जिलेटिनचा स्पंज, जेलफोम, कुत्र्यांत उपयोगी दिसला, माणसांत तसा ठसठशीत फरक दिसला नाही. स्टिरॉइडने सुरुवातीच्या दिवसांतले दुखणे थोडे कमी होते, पुढच्या व्रणाचे सांगता येत नाही. कर्करोगावरचे मायटोमायसिन नावाचे औषध उंदीर-सशांत व्रण कमी करते, पण नसांच्या पिशवीवर असे औषध ठेवायला माझा तरी जीव धजावणार नाही.

सर्वांत गाजले ते अ‍ॅडकॉन-एल नावाचे जेल. युरोपात आधीच वापरात होते, 1998 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. नसेभोवती ते भरले की व्रण कमी होतो, असे चाचण्यांत दिसले होते. मग वापर वाढला तसे मज्जाद्रव गळत राहण्याचे प्रकार कळू लागले. पिशवीला बारीक छिद्र पडले तर ते भरायलाही व्रणच लागतो, आणि जेल नेमके तेच होऊ देत नव्हते. 2001 साली ते बाजारातून मागे घेतले गेले. माहिती दडवल्याच्या आरोपांत कंपनीने पुढे अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. व्रण हा आपला शत्रू आहे असे समजून त्याचा नायनाट करायला निघालो, तर तोच शिंपीही आहे हे विसरायला होते. त्यानंतरही निरनिराळी जेल आणि पातळ पडदे आले, त्यांतले काही बरे वाटतात. पण कोणी हजारो रुपयांचे जेल बिलात दाखवले, तर 'हे नसेल तर काय फरक पडेल?' असे विचारायला लाजू नका.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. व्रणामुळेच दुखते का? याच जेलच्या चाचण्यांमधल्या 197 रुग्णांचे एमआरआय तपासून 1996 साली एक निबंध आला. ज्यांच्यात व्रण खूप पसरलेला होता, त्यांच्यात पायदुखी परत येण्याची शक्यता इतरांच्या 3.2 पट होती. आकडा मोठा आहे. पण भरपूर व्रण असून मजेत फिरणारे लोकही आहेत आणि एमआरआय स्वच्छ असून कळवळणारेही आहेत. म्हणून रिपोर्टमधली ती ओळ म्हणजे निदान नव्हे.

हे का सांगतो? गेल्या वर्षी एक एसटीचे ड्रायव्हर माझ्याकडे आले. वय सेहेचाळीस. चौदा महिन्यांपूर्वी दुसऱ्या गावी ऑपरेशन झालेले. सात-आठ महिने पाय छान होता, मग पोटरीत पुन्हा कळ आणि तळव्यांची आग. नवा एमआरआय झाला, त्यात ती ओळ होती, आणि एका ठिकाणी 'व्रण मोकळा करायला' दुसरे ऑपरेशन सांगितले होते. बायकोच्या पाटल्या सोनाराकडे ठेवायचे ठरले होते. माझ्याकडे आले होते ते फक्त फिटनेसचे सर्टिफिकेट घ्यायला.

"साहेब, शुगर तेवढी बघा आणि सही द्या," ते म्हणाले.

मी त्यांना आधी झोपवून तपासले. पायात ताकद पूर्ण होती. घोट्याचे झटके मात्र दोन्हीकडे मंद. आणि आग दोन्ही तळव्यांत होती, मोजे घातल्यासारखी. ऑपरेशन एका बाजूच्या नसेचे, मग दुसरा तळवा का जळतो? तीन महिन्यांची सरासरी शुगर 9.4 निघाली, बी-12 अगदी तळाला. अनेक वर्षे मेटफॉर्मिन चालू, आणि जेवण शाकाहारी. म्हणजे निम्मे दुखणे मणक्यातले नव्हतेच.

उरले पोटरीचे. त्यासाठी किडनीची तपासणी करून मग रंगद्रव्य देऊन एमआरआय पुन्हा केला. व्रणात रक्तवाहिन्या असतात, म्हणून तो रंगद्रव्य घेतो आणि उजळतो. नव्याने सरकलेल्या गरात रक्तवाहिन्या नसतात, तो मध्ये काळाच राहतो, फार तर कडेने रेघ उमटते. चित्रे रंगद्रव्य दिल्यावर लगेच घ्यावी लागतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मात्र आत सगळीच सूज असते, तेव्हाचा एमआरआय फसवा. यांच्यात सगळा भाग उजळला. नवा गर नव्हता.

हा फरक का महत्त्वाचा? गर पुन्हा सरकला असेल तर दुसऱ्या ऑपरेशनचा चांगला उपयोग होतो. नुसता व्रण काढायला गेलो तर निकाल सहसा निराशाजनक असतात, पिशवी फाटण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त, आणि काढलेल्या व्रणाच्या जागी नवा व्रण येतोच. माझ्या त्या ज्युनियरनेही एमआरआय बघून हेच सांगितले. पाटल्या घरीच राहिल्या.

त्यांना इन्शुलिन सुरू केले, बी-12ची इंजेक्शने दिली, नसेच्या दुखण्यावरच्या गोळ्या रात्री झोपताना, तंबाखू बंद. फिजिओथेरपिस्टने पाय हळूहळू सरळ करत नस सरकवण्याचे व्यायाम शिकवले. हे व्यायाम ऑपरेशननंतर लवकर सुरू करावेत असे मलाही वाटते. माझ्या सर्जनने मला दुसऱ्याच दिवशी चालायला लावले होते. जोर लावून ताणायचे नाही, कळ येते त्याच्या अलीकडे थांबायचे. एवढ्याने भागले नाही तर मणक्यात बारीक नळी घालून औषध सोडण्याची पद्धत आहे, नसांना मंद विद्युत स्पंदने देणारे यंत्र बसवण्याचा महागडा पर्यायही आहे. त्यांना अजून तरी त्याची गरज पडलेली नाही.

ज्यांचे ऑपरेशन झाले आहे त्यांनी काही लक्षणांना मात्र थांबायचे नाही. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, बसण्याच्या जागेला बधिरपणा येणे, पाऊल लोंबकळू लागणे, ताप येऊन पाठ ठणकणे. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठायचे. तिथे व्रण आहे की गर, याची चर्चा नंतर.

मला अधूनमधून विचारतात, तुमच्या पाठीत व्रण किती आहे? मी ऑपरेशननंतर एमआरआय केलेला नाही. चवड्यावर उभा राहतो, जिने चढतो. घोट्याचा झटका परत आला नाही, डावी पोटरी उजवीपेक्षा जरा बारीक आहे. आत व्रण असणारच, तो बघून मी करणार काय?

ड्रायव्हरसाहेबांची आग बरीच कमी आहे. पोटरीची कळ लांबचा प्रवास झाला की येते, पूर्ण गेलेली नाही, आणि ती पूर्ण जाईल असे मी त्यांना सांगितलेलेही नाही. परवा शुगर दाखवायला आले तेव्हा पुतणीच्या लग्नात पंगतीत खाली बसू का, असे विचारत होते. बसा म्हटले, पण भिंतीजवळची जागा धरा, म्हणजे उठताना हात टेकता येईल.